ओढ्यापलीकडची सात घरं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गल्लीत वळू उभा दिसला की मी दोन गल्ल्यांचा वळसा घालून घरी यायची. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी काळजात धस्स व्हायचं. आत्या मला भित्री भागूबाई म्हणायची आणि चारचौघांत माझी टर उडवायची. ती स्वतः कशालाच भीत नाही, असं आमचं घर धरून चाललं होतं आणि गावही. त्यामुळं घरात भ्यायचं काम माझ्या एकटीकडं होतं, आणि ते मी मनापासून करत होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावपासून थोडं आत. तिथल्याच शाळेत ती पहिली ते चौथीला शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला ‘बाई’ म्हणायचं. लग्न झालं होतं, पण नवऱ्याशी पटलं नाही. एका दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. आजोबांनी महिनाभर समजूत काढली, मग दमून सोडून दिलं. तिनं शाळेची नोकरी धरली आणि मोजायला सुरुवात केली. मोजायला म्हणजे अक्षरशः. वर्गात किती पोरं आली, एवढ्यावर ती थांबायची नाही. न आलेली कुठं गेली, त्यांच्या घरात बहिणी किती, त्यांतल्या शाळेत किती, हे सगळं ती शंभर पानी वहीत लिहायची. आमच्या घरात मांडणीवर डब्यांपेक्षा तिच्या वह्या जास्त होत्या आणि आई त्यावरून कायम कुरकुरायची.

आमच्या भागात आकड्यांचं आणि राजकारणाचं लग्न पहिल्यांदा कुणी लावलं असेल तर तिनंच, असं मी आता म्हणते. तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा म्हणायचे, बाईला नसत्या उठाठेवी लागतात.

तिची पहिली उठाठेव कोयत्यावरून झाली. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि त्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकदा शिक्षकांना गावातले ऊसतोड मजूर मोजायचं काम लागलं. तक्त्यात रकाना होता, ‘कोयते’. आत्यानं तो खोडला आणि तिथं माणसं लिहिली, बाई वेगळी, बुवा वेगळा. तपासायला आलेल्या साहेबांनी तक्ते परत पाठवले. तिनं पुन्हा तसेच लिहून दिले. साहेब म्हणाले, बाई, कोयता म्हणजे एक. ही म्हणाली, “साहेब, मतदार यादीत त्या कोयत्याची नावं दोन हायेत. तिथं दोन चालतात तर हितं कावून चालंनात?” तिसऱ्या खेपेला साहेबांनी कंटाळून सही केली. मग तोच तक्ता घेऊन ती ग्रामसभेत उभी राहिली आणि दिवाळीनंतर शाळेतून किती लेकरं आईबापांमागं उसाच्या फडावर जातात, ते नावानिशी वाचलं. बाप मंडळी खाली बघत बसली. पुढच्या साली शाळेमागच्या दोन खोल्यांत त्या लेकरांच्या राहण्याची सोय झाली. दोनच खोल्या, पण झाली.

त्यानंतर तिला निवडणुकीची मोजणी सुचली. कुणाला मत देणार, असं तोंडानं विचारलं तर गावात कुणी खरं सांगत नाही, आणि का सांगावं? म्हणून तिनं एक स्टीलचा डबा घेतला, झाकणाला बोट जाईल एवढं भोक पाडून घेतलं. दोन वाट्या सोबत, एकीत ज्वारी, दुसरीत तूर. अमक्याला ज्वारी, तमक्याला तूर. घरातल्या बाईनं पाठ करून उभं राहायचं आणि हवा तो दाणा आत टाकायचा. तुरीचा दाणा पडताना जरा जाड आवाज होतो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं डब्याच्या तळाशी जुन्या लुगड्याचा तुकडा घातला. तेव्हापासून आवाज बंद झाला आणि बायकांना धीर आला.

घरंसुद्धा ती मनानं निवडायची नाही. म्हणायची, ज्या दारात चहा मिळतो तिकडं पाय आपोआप वळतात, म्हणून पायांवर सोडायचं नाही. एसटीच्या तिकिटावरचा शेवटचा आकडा घ्यायचा आणि गावाच्या यादीत त्या घरापासून दर आठवं घर धरायचं. नऊ नाहीतर शून्य निघालं तर दुसरं तिकीट. आणि एक नियम ती मला पाढ्यासारखा म्हणायला लावायची. घराला कुलूप असेल तर वहीत ‘कुलूप’ लिहायचं. शेजारणीला विचारायचं नाही. दोनदा परत जायचं, तरी कुलूप असलं तर फोन लावायचा, आणि तेही जमलं नाही तर वाचताना सांगून टाकायचं की एवढ्या घरांचं आम्हाला माहीत नाही. हे वाचणं चावडीसमोर व्हायचं, दोन्ही पार्ट्यांची माणसं समोर बसवून. एकीच्या कानात एक आणि दुसरीच्या कानात दुसरं असा धंदा तिनं कधी केला नाही. तिचा आकडा बहुतेक वेळा खरा निघायचा, म्हणून पडणारा उमेदवार तिच्यावर चिडायचा आणि निवडून येणारा पेढे द्यायचा. ते पेढे ती शाळेत वाटून टाकायची.

आता मुद्द्यावर येते. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. गावातला मोठा मुकादम, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला पुरवणारा माणूस, त्यानं आपल्या बायकोचा अर्ज भरला. ती बिचारी चांगली होती, तिला कुणी विचारलंसुद्धा नसेल. दुसरा अर्ज येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. आत्या दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाली होती. तिच्या हाताखाली शिकलेली चार-सहा माणसं घरी आली, बाई तुम्ही उभ्या राहा म्हणाली. तिनं दोन दिवस विचार केला आणि केजला जाऊन अर्ज भरून आली. येताना माझ्यासाठी भेळ आणली.

मला ती भेळ गिळवली नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, विषय संख्याशास्त्र, तोही तिच्यामुळंच घेतलेला. मला शक्यता काढता येत होत्या आणि त्यांतली एकही मला बरी दिसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम स्वतः घरी आला. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध. आत्याच्या पाया पडला. म्हणाला, “बाई, तुमी मला शिकवलंय. पाढे तुमीच पाठ करून घेतले माझे.” आईनं चहा केला. मी दारातून पुढं झाले नाही, म्हणून कप आईनंच नेऊन दिला. तो चहा प्यायला, साखर बरोबर झाली म्हणाला, निवडणुकीचा शब्द काढला नाही. उठताना माझ्याकडं बघून हसला.

“पोरगी रोज सव्वासातच्या गाडीनं केजला जाती, न्हाई का? ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या बाकावर. खिडकीपाशी.” मग आत्याकडं वळून म्हणाला, “रस्ता लई खराब झालाय, बाई. आपलं सांगून ठेवलं.”

मी खरंच तिसऱ्या बाकावर बसायची. खिडकीपाशी. मला स्वतःला ते कधी लक्षात आलं नव्हतं आणि त्या माणसाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले. तर गाव सुटल्यावर एक मोटारसायकल बसच्या मागं लागली. दोघं बसलेले, तोंडाला रुमाल. त्यांनी काहीच केलं नाही. फक्त केजपर्यंत मागं आले, स्टँडवर गाडी उभी करून माझ्याकडं बघत राहिले आणि गेले. मी कॉलेजात गेलेच नाही. स्टँडवरच्या बायकांच्या घोळक्यात दुपारपर्यंत बसून राहिले आणि पुढच्या गाडीनं परत आले. घरी सांगितलं, तास झाले नाहीत.

मग ती दुपार आली. भर दुपार, दोन वाजलेले, बाहेर ऊन लख्ख. वडील शेतावर गेलेले, आम्ही तिघी जेवून आडव्या झालो होतो. आईला उठून बाहेर जायचं होतं, तिनं दार ओढलं तर उघडेना. आधी वाटलं, फुगलंय. मग कळलं की बाहेरून कडी लावलीय. मी खिडकीतून हाका मारल्या. समोरच्या घरातली माणसं दिसत होती, ओसरीवर बसलेली, पण ती आमच्याकडं बघत नव्हती. मी नाव घेऊन हाक मारली तरी बघितलं नाही. तासाभरानं वडील आले आणि त्यांनी दार उघडलं. कडी-कोयंड्यात कुलूप नव्हतं. ऊस तोडायचा कोयता आरपार घातला होता, नवाकोरा, धार लावलेला. वडिलांनी तो काढून हातात धरला आणि तो कुठं ठेवावा तेच त्यांना सुचेना.

आईनं मला आत नेऊन हात जोडले. “तिला थांबव गं. माझं न्हाई ऐकत, तुझं ऐकती.” आई माझ्यापुढं हात जोडत होती, हे मला कोयत्यापेक्षा भयंकर वाटलं.

संध्याकाळी आत्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाली, “माघारीला अजून पाच दिवस हायेत. मोजणी करू. हरत असले तर माघार घेते, हरायसाठी जीव धोक्यात घालण्यात काय शहाणपण? पण जिंकत असले तर मग कुणाच्या बापाला भीत न्हाई.” वडील म्हणाले, आणि मोजणार कोण? ती म्हणाली, “मी माझीच मोजणी करायची नसती. ही करील.” आणि माझ्याकडं बोट केलं.

म्हणजे तिनं उभं राहायचं का नाही, ते मी आणलेल्या आकड्यावर ठरणार होतं. हे तिनं मला विश्वासानं दिलं होतं. मी मात्र मनात हिशोब मांडून बसले की हा आकडा खाली आला तर ती वाचेल, आई हात जोडायची थांबेल आणि मला पुन्हा तिसऱ्या बाकावर बसता येईल. मला ती निवडून यायला नको होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

तरी मी सुरुवात प्रामाणिकपणेच केली. तिकिटाचा शेवटचा आकडा पाच निघाला. पाचव्या घरापासून दर आठवं घर, सगळी मिळून पन्नास. ज्वारी म्हणजे बाई, तूर म्हणजे मुकादमीण. दोन दिवसांत मी त्रेचाळीस घरं केली. मोटारसायकल लांबून मागं असायची. ज्या दारात मी जाई त्या दारापासून वीस पावलांवर ती थांबायची, इंजिन चालू ठेवून. बायका दार लोटून घ्यायच्या, आत पाठ फिरवून दाणा टाकायच्या आणि डबा परत देताना माझ्या तोंडाकडं बघायच्या नाहीत. एकीनं फक्त हळूच माझा दंड दाबला. त्याचा अर्थ ज्वारी होता का ‘सांभाळून’ होता, मला कळलं नाही.

उरली सात घरं. ती सगळी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर होती. वस्ती ऊसतोड्यांची. दिवाळी झाली की टोळ्या गाड्यांत बसून जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात, मध्ये वस्तीवर म्हातारी माणसं आणि शेळ्या. मला हे माहीत होतं. मी फोन नंबर जमवायला हवे होते. टोळ्यांतल्या बायकांचे नंबर तसे माझ्याकडं नव्हते, पण मिळाले असते, विचारलं असतं तर. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी डबा घेऊन ओढा ओलांडला.

सातही दारांना कुलपं. मी एकेका दारासमोर उभी राहून यादीतलं नाव बघत होते आणि मागं इंजिनाचा आवाज होता. या वेळी ते दोघं ओढ्याच्या अलीकडं थांबले नव्हते, पाण्यातून गाडी घालून वस्तीवर आले होते. उतरले नाहीत. एकजण मोबाईलवर माझा फोटो काढत होता, लपवून नाही, चांगला दोन्ही हातांनी धरून.

वस्तीच्या टोकाला एक म्हातारी बसलेली असते. आमच्याकडं रीतच आहे, जाणारे आपल्या घराच्या किल्ल्या एका म्हाताऱ्या माणसाकडं देऊन जातात. तिच्या कमरेला सुतळीत दहा-बारा किल्ल्या लटकत होत्या. ती मला बघून म्हणाली, “कुनाला धुंडाळती?” मी सांगितलं. तिनं डब्याकडं बघितलं, मोटारसायकलीकडं बघितलं.

“तुजी आत्या कावून उभी ऱ्हायली गं? बरं चाललं व्हतं की तिचं.”

मी यादीकडं बघत राहिले.

“आन् हितं काय इचारायचं,” ती जरा मोठ्यानं म्हणाली, त्या दोघांना ऐकू जाईल असं. “सगळी मुकादमाच्या टोळीत हायेत. मत दुसरीकडं कसं जाईल? किल्ल्या माझ्याजवळ हायेत, त्यांचं मीच टाकते. किती घरं म्हनलीस?”

तिच्यापर्यंत माझी मोजणी यायलाच नको होती, तिचं घर यादीत नव्हतंच. नियम मला तोंडपाठ होता. शेजारणीला विचारायचं नाही. मी वहीत सात वेळा ‘कुलूप’ लिहून परत फिरायला हवं होतं. मी म्हणाले, “सात.” आणि डबा पुढं केला. म्हातारीनं तुरीच्या वाटीतून दाणे मोजून घेतले, पाठ न फिरवता, सगळ्यांना दिसतील असे एकेक करून आत टाकले. टाकताना तिचं लक्ष डब्याकडं नव्हतं, मोटारसायकलीकडं होतं. सातवा पडला तेव्हा मोटारसायकल वळली आणि निघून गेली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच मटकन बसले. म्हातारीनं मला पाणी दिलं.

घरी आल्यावर आत्यानं परात मांडली. डबा उलटा केला. लुगड्याचा तुकडा झटकला. ज्वारीचा ढीग एकीकडं, तुरीचा एकीकडं. तेवीस आणि सत्तावीस. तिनं पुन्हा मोजले, तेवढेच निघाले. मग वर बघून विचारलं, “ओढ्यापलीकडची घरं?”

“झाली,” मी म्हणाले.

“सगळी?”

“सगळी.”

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी होते. कोण भेटलं, कुणी टाकलं, असं ती आता विचारील आणि मी रडत सगळं सांगून टाकीन, असं मला वाटत होतं. माझी वही तिच्या मांडीवर होती, त्या सात घरांपुढं मी काहीच लिहिलं नव्हतं, उघडून बघितली असती तरी पुरलं असतं. तिनं वही उघडली नाही. दाणे गोळा करून कोंबड्यांना टाकले आणि म्हणाली, “बरं.” मला वाटलं, थकली असेल. मला वाटलं, माझ्यावर विश्वास आहे तिचा. असल्या विश्वासाची किती लाज वाटते ते मला त्या दिवशी कळलं, पण लाजेपेक्षा सुटका मोठी होती, खोटं कशाला बोलू.

माघारीच्या दिवशी वडील तिला केजला घेऊन गेले. तीनच्या आत तिनं कागदावर सही केली. मुकादमीण बिनविरोध निवडून आली. गुलाल उधळला गेला, आमच्या दारासमोर जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी मुकादमानं घरी पेढे पाठवले. या वेळी आत्यानं ते शाळेत वाटले नाहीत, तसेच ठेवले, मुंग्या लागेपर्यंत. चावडीसमोर तिनं तो आकडा वाचलाही नाही. सगळं गाव म्हणालं, बाई शहाणी, वेळेवर मागं आली. मोटारसायकल दिसायची थांबली. मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसले, पण तिथं बसून मला आता खिडकीबाहेर बघवत नव्हतं.

माझी भीती गेली असेल असं वाटत असेल तर तसं झालं नाही. तिनं फक्त माणूस बदलला. आधी मी मुकादमाला भीत होते, आता आत्याला भ्यायला लागले. ती हाक मारायची, “अगं ए,” तरी मी दुसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. ती मांडणीवरच्या वह्या पुसायला काढायची तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून घराबाहेर पडायची. माझी ती वही तिनं तिच्या वह्यांत लावून ठेवली होती. मी एकदा ती काढून चुलीत घालायचा विचार केला, हातात घेतलीही, आणि तेवढंही धैर्य झालं नाही म्हणून परत ठेवली. तीन-साडेतीन महिने असे गेले. ती काहीच बोलली नाही. नवीन कसली मोजणीही तिनं काढली नाही.

पाडव्याच्या आधी टोळ्या परत आल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी वस्तीवरच्या पाच बायका आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. पुढं बसलेली माझ्याच वर्गातली, चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसणारी. तिच्या हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघाच रेघा होत्या. तिनं मला ओळख दाखवली नाही. आत्या बाहेर आली तशी तिनं सरळच विचारलं.

“बाई, कावून माघार घेतली?”

आत्या म्हणाली, “हरत व्हते.”

“कुनी सांगितलं? आमाला तर कुनी इचारलंच न्हाई.” तिचा आवाज चढला. “दर बारीला मताच्या दिशी मुकादमच गाडी लावतो फडावर, आमाला आनायला. औंदाबी लावणार व्हता. आमी एकोणीस जणींनी ठरवलं व्हतं, बाप्यांनाबी सांगितलं न्हवतं. त्याच्याच गाडीत बसून येणार व्हतो आन् बटन तुमचं दाबणार व्हतो. तितं फडावर कळलं, बाईनं माघार घेतली म्हनून. कामच सरंना त्या दिशी.”

मी दाराआड उभी होते. आत्या “पाणी आणते” म्हणून आत आली, माठापाशी. मी तिचा पदर धरला आणि म्हणाले, “आत्या, त्या सात घरांना कुलपं होती.”

तिनं तांब्या भरला. “माहीत हाय मला.”

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, म्हातारीनं टाकले, मी टाकू दिले, मी खोटं बोलले.

“अगं, दिवाळीनंतर गाड्या भरून गेल्या तवा वेशीपर्यंत घालवायला मीच गेलते,” ती म्हणाली. “वस्तीवर कोण व्हतं मत द्यायला? तू ‘सगळी’ म्हणालीस तवाच कळलं. सात दाणे बाजूला काढले की मी तीननं पुढं व्हते. बोटं मोजायला लागत न्हाईत त्याला.”

“मग बोलली का नाहीस?”

ती माझ्याकडं बघत नव्हती, तांब्यातल्या पाण्याकडं बघत होती. “त्या कडीतला कोयता बघितल्यापासून माझे हातपाय गळाले व्हते. ‘तू हरलीस’ असं मला कुणीतरी सांगावं म्हणून मी वाट बघत व्हते. तू सांगितलंस. मला लई बरं वाटलं, पोरी.”

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भीतीपेक्षा मोठी भीती दिसली, आणि ती माझ्या आत्याची होती. मला तिला धरून रडावंसं वाटत होतं. तिनं मात्र पदर सोडवून घेतला, तांब्या घेतला आणि बाहेर गेली. मीही मागं गेले. या वेळी दाराआड थांबले नाही.

ओसरीवर ती उभी राहिली, चावडीसमोर आकडे वाचायला उभी राहायची तशी. म्हणाली, “मोजणी चुकीची व्हती. तुमच्या सात घरांची कुलपं मुकादमिणीची मतं म्हनून धरली. पोरीनं धरली, आन् मला कळलं तरी मी तशीच राहू दिली. मी जिंकत व्हते. मी भ्याले, म्हणून मागं आले.”

आत्यानं तांब्या पुढं केला, तो कुणी घेतला नाही. माझ्या वर्गातली ती आपल्या हातांवरच्या रेघांकडं बघत बसली होती. मग तिनं मान वर केली. तिच्या आवाजात आता राग नव्हता.

“भ्या आमालाबी वाटत व्हतं, बाई,” ती म्हणाली. “आमी तर त्याच्याच गाडीत बसणार व्हतो.”

असं म्हणून ती उठली, आणि तिच्यामागं बाकीच्या चौघी उठल्या.